येथे काचेवर नाव टाकून मिळेल

आमच्या घरी पाणी प्यायचं ते
परक्यांच्या नावांतून.
'सप्रेम भेठ' लिहिलेला ग्लास माझा,
धाकट्याचा 'मधूकर', धू दीर्घ पडलेला,
आणि आईच्या वाट्याला एका लग्नाचा जग :
तारीख बरोबर, नवरदेव बदललेला.
चुकलेला माल घरचा, बाबा म्हणत.

इतवारीत हकीमुद्दीनभाईंच्या दुकानामागे
सहा फुटांची पडवी.
पायाखाली शिलाई मशीनचं पायडल,
वर तांब्याच्या चकत्या, रुपयाएवढीपासून मसुरीएवढीपर्यंत,
वाटीत कुरुंदाची पूड जवसाच्या तेलात कालवलेली.
आडनाव निनावे.
आजोबांपर्यंत आमच्यात सगळे मागावर.
लहानूजींनी धोटा ठेवला, काच धरली,
तेव्हा अख्ख्या तांडापेठेनं नावं ठेवली.
बाबा नावं टाकत राहिले,
अक्षरी आठ आणे.

फिरोजाबादहून काच पेंढ्यात निजून यायची, कोरी.
ती चकतीला खालून लावायची असते,
म्हणजे जिथं कापतं
नेमकं तिथंच दिसत नाही.
बाबा कानानं कोरत.
तडकायच्या आधी काच सूर बदलते म्हणे.
मी शेजारी फडकं घेऊन,
मला नुसती कुर्रर्र ऐकू यायची
आणि कूलरच्या वाळ्यातून ठिबकणारं पाणी.

गिऱ्हाइकानं मागितलेली नसली तरी
तोंडाशी करवतकाठ निघायचीच,
दाताला दात, आजोबांच्या लुगड्यांवरची.
"हे काऊन, लहानूजी? याचे पैसे भेटत नाही."
"त्याच्याबिगर हात उतरत नाही, भाई."

मारबतीच्या दुसऱ्या दिवशी,
चौकात राख अजून उडत होती,
एक बाई कापडी पिशवीत सहा ग्लास घेऊन आली.
पुष्पलता, दिगंबर.
तिनं दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.
"एवढं काढून द्या."

बाबांनी ग्लास उन्हात फिरवला, बराच वेळ.
"काच भरून देता येत नाही न, बाई.
खोदलं, त्याला अजून खोदता येते फक्त."
ती उठली नाही.

मग पायडल हललं.
दि ची वेलांटी वर चढून देठ झाली,
ग चा दंड दुसरा देठ,
त्याच्या डोक्यावरचा अनुस्वार फुगून कळी.
ब चं पोट पान झालं,
पोटातली तिरपी रेघ शीर.
र चा पाय मात्र लांबत गेला, लांबत गेला,
काठाच्या करवतीत जाऊन अडकला.
सहा ग्लासांना संध्याकाळ झाली.

तिनं एक उचलला, दिव्याकडे धरला.
"मला वाचता येतं अजून."
"तुम्हालेच येईन," बाबा म्हणाले,
आणि वेलीचे न लावता
चोवीस अक्षरांचे बारा रुपये घेतले.

आता त्या पडवीत लेझरचं यंत्र आहे.
भाईंचा नातू नाव टाईप करतो,
चहा येईस्तोवर डझन तयार.
ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही,
कोणाच्या घरी काही परत येत नाही.

बाबांच्या नावाचा एखादा ग्लास असेल म्हणून
मी सगळं कपाट उन्हात मांडून पाहिलं.
एकाच्या बुडाशी ल सारखं काही होतं,
ओरखडाही असेल.

मधूकर फुटला. जग धाकट्याकडे.
भेठ माझ्याकडे आहे.
घासताना अंगठ्याला करवत लागते,
कापत नाही, लागते.
ओल्या काचेवर अक्षरं जवळजवळ दिसत नाहीत.
मी ग्लास पालथा घालते, हात पुसते,
आणि वाळता वाळता
आधी ठ उमटतो.